पूरग्रस्तांना सामान पाठवताना: आमच्या मंडळाची चार वर्षं

परवा धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याला पूरग्रस्तांसाठी पाठवलेल्या गाडीचा शेवटचा हिशोब टॅली झाला, सगळ्या पावत्या फाईलला लागल्या, आणि मग ठरवलं की आता हे लिहूनच काढायचं. कारण दर पावसाळ्यात कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "ताई, आमच्या सोसायटीला एक गाडी पाठवायचीय, काय काय भरू?" आणि मी प्रत्येकाला तेच तासभर सांगत बसते. मी परळला राहते, एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, आणि २०१९ पर्यंत मंडळात माझं काम म्हणजे गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या फाडणं एवढंच होतं. लॉजिस्टिक्स वगैरे शब्द मला ऑफिसातल्या बिलांमुळेच माहीत होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा आम्ही चाळीच्या पटांगणात टेबल टाकलं आणि वर बोर्ड लावला, "जे जमेल ते द्या". लोकांनी खरंच दिलं, मनापासून दिलं, पण तीन दिवसांत कपड्यांचा असा ढीग झाला की रात्री त्यावर प्लास्टिक टाकायला माणसं पुरेनात. गाडी ११ ऑगस्टला निघाली. हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली गेलेला, गाडी कराडच्या अलीकडे दोन दिवस उभी, त्याचं हॉल्टिंग रोजचे १५०० रुपये. पोचली तेव्हा ज्या शाळेत सामान उतरवायचं होतं तिथे दोन वर्ग आधीच कपड्यांनी भरलेले. तिथल्या एका बाई हात जोडून म्हणाल्या, "ताई, कपडे नका उतरवू, निवडायला माणूस नाही." नंतर वाचलं तेव्हा कळलं की २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला असेच कपड्यांचे ढीग पडले होते आणि गूंज संस्थेने ते निवडून वापरात आणले. म्हणजे हा धडा जगाला मिळून पंधरा वर्षं झाली होती, आमच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.

पण खरा धक्का बसला तो चिपळूणला. २२ जुलै २०२१, गुरुवार. माझ्या मामाचं घर चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. पहाटे मामीचा फोन आला की पाणी पायरीला लागलंय, सव्वानऊला आला की आम्ही माळ्यावर आहोत, आणि मग फोन बंद. वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही फुगलेल्या, वरून पाऊस थांबत नाही, खाली खाडीला भरती. कोकण रेल्वे बंद, हायवेवरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचं नुकसान झालेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेला दरड कोसळली. मामीचा आवाज ऐकायला मिळाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुणाच्या तरी फोनवरून, आणि तोपर्यंत मी काय केलं असेन ते मलाच आठवत नाही.

शनिवारी आम्ही गाडी शोधायला लागलो. एरवी चौदा फुटी आयशर ट्रक परळहून चिपळूणला साधारण १२-१३ हजारात जायची, त्या दिवशी २६ हजारांच्या खाली कुणी बोलेना. मी त्या ड्रायव्हरदादांना दोष देत नाही, रस्ता आहे की नाही हेच माहीत नसताना स्वतःची गाडी घाटात घालायची, जोखीम त्यांचीच. पैसे सेक्रेटरी काकांच्या स्वतःच्या गूगल पेवर गोळा केले. यूपीआयची दिवसाची लाखाची मर्यादा आम्हाला आड आली नाही, पण पुढच्या आठवड्यात काकांच्या बँकेतून फोन आला की एवढी लहान-लहान रक्कम एकदम कुठून आली, आणि बिचाऱ्या काकांना सत्तराव्या वर्षी दोन वेळा ब्रँचमध्ये जाऊन खुलासा द्यावा लागला.

रविवारी २५ तारखेला पहाटे चारला निघालो. पेण, वडखळ, माणगाव. महाडला आमची गाडी अडवली ती भुकेल्या माणसांनीच, त्यांच्या घरात पण पाणी शिरलेलं, त्यांना नाही कसं म्हणणार. वीस पेट्या पाणी आणि काही बिस्किटं तिथेच दिली. कशेडी घाटात तीन तास, परशुराम घाटात दीड तास. चिपळूणला शिरलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, लाईट नाही, सगळीकडे तो चिखलाचा वास, तो वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल.

आम्ही काय नेलं होतं तर ६०० किलो तांदूळ, बिसलेरीच्या १०० पेट्या, मेणबत्त्या, ब्लँकेट, आणि सांगूनही आलेले कपडे. मामीने गाडीत डोकावून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तांदूळ आहे गं, शिजवायचं कशावर?" सिलेंडर वाहून गेलेला, शेगडी चिखलात. जेवण तर शाळेत आणि मंदिरात मिळतच होतं. तिला हवं होतं फावडं. घमेलं. खराटा. घरात गुडघाभर गाळ आणि तो काढायला हातात काही नाही, एका फावड्यासाठी तीन घरं थांबलेली. कोरडी काडेपेटी हवी होती. आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली की पोरींसाठी पॅड आणि आतले कपडे कुणीच आणत नाही गं.

गाडी हायवेलगत लावली आणि अर्ध्या तासात रिकामी झाली. जे धडधाकट होते आणि रस्त्याजवळ राहत होते त्यांना मिळालं. आत दोन किलोमीटरवरच्या वाडीतले लोक आले तेव्हा फक्त कपडे उरले होते. त्यांच्यातली एक म्हातारी ब्लँकेटच्या रिकाम्या पिशव्या घडी करून घेऊन गेली. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परत आल्यावर मी ऑफिसच्या सवयीने एक एक्सेल शीट केली. एकूण १ लाख ९४ हजार खर्च. साधारण ७० घरांना काहीतरी मिळालं, म्हणजे घरामागे २,७७० रुपये, आणि त्यातलं निम्मं सामान त्या आठवड्यात उपयोगाचंच नव्हतं. पाण्याच्या पेट्या तर मला सगळ्यात टोचल्या. एक लिटरच्या बारा बाटल्या म्हणजे बारा किलो, शंभर पेट्या म्हणजे सव्वा टन, गाडीच्या भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आम्ही पाणी वाहून नेण्यात घालवला आणि तिसऱ्या दिवसापासून तिथे टँकर सुरू झाले. मदतकार्यासाठी जगभर जे स्फिअर नावाचे किमान निकष वापरतात त्यात माणशी दिवसाला १५ लिटर पाणी धरलंय, पिण्या-स्वयंपाकापासून धुण्यापर्यंत सगळं मिळून. पाच माणसांचं घर म्हणजे रोज ७५ लिटर. हे बाटल्यांतून कुणी पुरवू शकत नाही. त्याच निकषांत घरामागे झाकण असलेली १० ते २० लिटरची दोन भांडी द्या म्हटलंय, म्हणजे टँकर आला की पाणी भरून स्वच्छ ठेवता येतं. भांडं रिकामं न्यायचं, त्याला वजन नाही, आणि त्यातच बाकीचं सामान भरायचं. हे वाचल्यावर आमचं सगळं किट या एका गोष्टीभोवती बांधलं गेलं.

आता कागदांचं. मला माहितीये लोक इथे वाचायचं सोडून देतात पण कृपया सोडू नका, कारण आमचे सगळ्यात जास्त महिने यातच गेले आणि नंतर सगळ्यात जास्त उपयोग पण याचाच झाला.

आमचं मंडळ नोंदणीकृत नव्हतं. दरवर्षी गणपतीच्या वर्गणीसाठी धर्मादाय कायद्याच्या कलम ४१-क खाली परवानगी घ्यायचो, तेवढंच. वकील मॅडमनी सांगितलं की ती परवानगी उत्सवाच्या वर्गणीपुरती आहे, पुराच्या नावाने लोकांकडून पैसे घ्यायचे तर त्याची वेगळी सोय करा, नाहीतर संस्थाच नोंदवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्ज केला, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली. कमीत कमी सात सदस्य लागतात, सगळ्यांचे आधार, पॅन, फोटो, सह्या, घटना म्हणजे नियमावली, आणि ज्या खोलीचा पत्ता द्यायचा त्या खोलीच्या मालकाचं ना हरकत पत्र आणि लाईट बिल. दोनदा त्रुटी निघाली, एकदा नियमावलीत उद्देश नीट लिहिला नव्हता म्हणून आणि एकदा एका सदस्याचं आधारवरचं आणि पॅनवरचं नाव जुळत नव्हतं म्हणून. उद्देशात "नैसर्गिक आपत्तीत मदत व पुनर्वसन" हे शब्द आधीच घाला, नंतर घटना बदलायची म्हणजे परत फेऱ्या. प्रमाणपत्र हातात आलं ऑगस्टमध्ये, सहा महिने लागले, वकील फी, स्टॅम्प, झेरॉक्स मिळून १४,५०० रुपये गेले.

त्यानंतर पॅन, मग बँकेत संस्थेचं खातं, मग आयकराच्या साईटवर १०ए फॉर्म भरून १२ए (संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ची तात्पुरती नोंदणी. हे ऑनलाईन आहे आणि तुलनेने पटकन झालं. देणगीदारांना दोन गोष्टी मी आधीच सांगून टाकते, वस्तू दिल्या तर ८०जी ची सवलत मिळत नाही आणि रोख २००० च्या वर दिले तर त्या सगळ्या रकमेवर मिळत नाही. हे सांगितल्यापासून आमच्याकडे जुन्या वस्तू येणं कमी झालं आणि बँकेत पैसे येणं वाढलं, जे खरं तर हवंच होतं. आणि हो, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज टाका, आम्ही कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करून ठेवतो.

२०२३ चं अर्धं वर्ष भाव ठरवण्यात गेलं. हे काम मला मनापासून आवडलं. पूर आल्यावर बाजारात जाणारा माणूस नेहमी महागच घेणार, मग तो कितीही घासाघीस करू दे. ताडपत्रीचंच बघा, १८ बाय १२ फुटांची, २०० जीएसएमची, मस्जिद बंदरला फेब्रुवारीत मला ६४० ला सांगितली आणि तीच जूनच्या शेवटी ९०० ला. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये, त्या मापाची ताडपत्री चार किलोच्या आसपास भरली पाहिजे. वजनकाटा घेऊन जा. आम्हाला एका ठिकाणी २०० म्हणून दिलेली पावणेतीन किलो भरली होती.

त्या मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याशी, वयस्कर गुजराती गृहस्थ आहेत, माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलतात, असं ठरलं की १२० ताडपत्र्यांचे पंचवीस टक्के पैसे आम्ही फेब्रुवारीत आगाऊ द्यायचे, माल त्यांच्याच गोदामात राहणार, ते त्यातून विकत राहणार आणि नवीन भरत राहणार, पण १ जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत १२० चा आकडा कधीच खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे माल आमचा, जागा त्यांची, आणि पडून खराब होण्याची भीती नाही. हे लिहून घेतलं, साध्या शंभराच्या स्टॅम्पवर नाही तर त्यांच्या लेटरहेडवर, पण सही-शिक्क्यासकट. मुंबईत जागेचं भाडं बघता याच्याइतकी स्वस्त सोय मला दुसरी दिसली नाही. भिवंडीला गोदाम बघून आलो होतो, चौरस फुटाला महिना १८ रुपये आणि वर डिपॉझिट, ते आम्हाला झेपणारं नव्हतं.

धान्याचं वेगळं. वाशीच्या दाणाबंदरला मी तांदळाचा वर्षाचा भाव बांधून मागितला तर तिथले शेठ म्हणाले, "मॅडम, भाव बांधून देणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर बुडणार आहे." ते खरं होतं. मग आम्ही भाव न बांधता नफा बांधला, म्हणजे त्या दिवशीचा बाजारभाव अधिक किलोमागे दीड रुपया, पाच किलोचं पॅकिंग वेगळं, माथाडींची हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वेगळी पण आधी लिहिलेली. त्यामुळे पुराच्या दिवशी फोनवर फक्त किती किलो एवढंच बोलायचं उरतं.

गाड्यांसाठी तीन मालक पकडले, एकावर अवलंबून राहायचं नाही हे चिपळूणने शिकवलं होतं. दोन पिकअप आणि एक आयशर. किलोमीटरचा दर, डिझेल वाढलं तर किती वाढवायचं, चोवीस तासांनंतर हॉल्टिंग किती, गाडी घाटात अडकली तर ड्रायव्हरच्या जेवणाचे कोण देणार, सगळं लिहिलं. त्यातल्या एका दादांनीच मला परतीच्या भाड्याचं शिकवलं. लोटे एमआयडीसीतून माल घेऊन मुंबईकडे आलेल्या गाड्या कधी कधी चिपळूण-खेडकडे रिकाम्या परततात, त्यांना जाताना आपलं सामान दिलं तर दर निम्म्यापर्यंत येतो. पण विचारून घ्या आधी गाडीत काय होतं, तिथे केमिकलचे कारखाने आहेत, खाण्याच्या वस्तू त्या गाडीत अजिबात घालायच्या नाहीत, फावडी-बादल्या चालतात.

किट शेवटी असं ठरलं. झाकणवाली पंधरा लिटरची बादली आणि दहा लिटरचा कॅन, बादलीत टॉर्च, सेल, दोन काडेपेट्या झिपच्या पिशवीत, अंगाचा साबण, कपड्याचा साबण, पॅडची दोन पाकिटं, मच्छरदाणी, दहा मीटर दोरी, क्लोरिनच्या गोळ्या आणि मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद की एका गोळीला किती पाणी. बाहेर एक ताडपत्री. पाच घरांमागे दोन फावडी, दोन घमेली, दोन खराटे. औषधं आम्ही पाठवत नाही, ओआरएस सोडून, ते काम डॉक्टरांच्या पथकाचं आहे. एका किटचा खर्च १,४८० रुपये आणि एका पिकअपमध्ये १२० किट बसतात. एका खोक्यात एकच प्रकार, वर तिन्ही बाजूंनी लिहिलेलं, हे गाडी उतरवताना किती वेळ वाचवतं ते सांगून पटत नाही.

जून २०२४ मध्ये पहिली रंगीत तालीम केली, ९ तारखेला रविवारी. सकाळी सहाला मी ग्रुपवर "सुरू" असा मेसेज टाकला आणि घड्याळ लावलं. गाडी भरून गेटबाहेर जायला अकरा तास लागले! व्यापाऱ्याचं गोदाम रविवारी बंद, किल्ली असलेला मुलगा विरारला. मार्करने लिहिलेली खोकी पावसात भिजली आणि अक्षरं गेली. टॉर्चमध्ये सेल घालून ठेवले होते, चौदा टॉर्चमध्ये ते गळले. सगळं एका वहीत उतरवलं. मग किल्ली दोघांकडे, अक्षरं ऑइल पेंटने, सेल वेगळे. मे २०२५ ला १८ तारखेला परत तालीम केली, चार तास चाळीस मिनिटं.

त्याच वर्षी आणखी एक केलं. पंचवीस किट आधीच चिपळूणला मामीच्या माळ्यावर नेऊन ठेवले, २०२१ चं पाणी जिथपर्यंत आलं होतं त्या खुणेच्या वर. घाट बंद झाले तर मुंबईची गाडी दोन दिवस पोचणार नाही, मग ते दोन दिवस कुणी काढायचे?

आणि मग पूर आला तो कोकणात नाहीच. सप्टेंबर २०२५, मराठवाडा आणि सोलापूर. गणपती संपून पंधरा दिवस झालेले, पोरं दमलेली, घटस्थापना २२ ला झाली. २३ ला मंगळवारी रात्री दहाला आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या भावाचा फोन आला, त्यांचं माहेर परांडा तालुक्यात. सीना नदीचं पाणी घरात, शेतातली मातीच वाहून गेली, जनावरं दावणीला. मी आधी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाच्या १०७७ चा नंबर वहिनींच्या भावाला दिला, कारण माणसं बाहेर काढणं हे आपलं काम नाही, ते त्यांचंच. त्यांच्या जिल्ह्यातून लावला तर तो तिथेच लागतो, मुंबईहून लावाल तर मुंबईला लागेल, त्यामुळे तिथल्या माणसालाच लावायला सांगा.

रात्रीच मी विचारलं काय हवंय. आता मी "काय पाठवू" असं विचारत नाही, "आज रात्री कशामुळे अडलंय" असं विचारते. ते म्हणाले, "ताई, वैरण. आणि तांदूळ नको, ज्वारी." आमचं सगळं डोकं कोकणावर चालत होतं! मुंबईतून ज्वारी नेणं म्हणजे उलटी गंगा. परांड्यापासून जवळच बार्शी, ज्वारी-तुरीची एवढी मोठी बाजारपेठ. मग ठरलं की मुंबईतून फक्त किट जातील आणि धान्य-वैरण बार्शीतच घ्यायची. गावातल्या महिला बचत गटाच्या ताईंनी अजून एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कधी सुचली नसती, "ज्वारी नका देऊ, पीठ करून द्या, लाईट नाही तर गिरणी कशी चालणार." बार्शीच्या गिरणीत बाराशे किलो दळून घेतली, किलोला पाच रुपये.

२४ ला बुधवारी तहसील कार्यालयात फोन करून गावाचं आणि घरांचं कळवलं, मंडळाच्या लेटरहेडवर गाडी नंबर आणि सामानाची यादी मेल केली. २५ ला सकाळी नऊला गाडी लागली, साडेतीनला निघाली. बिल लाखाच्या वर गेलं की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाईन कागद, लागतं, आमचं १ लाख ७७ हजार ६०० होतं, ते व्यापाऱ्यानेच काढून दिलं, बिल मंडळाच्या नावे आणि माल पोचवायचा पत्ता गावचा. वाटेत गाडी बदलली तर त्यातला गाडी नंबर बदलायला विसरू नका. दोनशे किलोमीटरला एक दिवस धरतात, साडेतीनशेला दोन दिवस मिळाले, ते पुरले.

गाडी वाटेत असतानाच बचत गटाच्या ताईंनी घरोघर जाऊन कुपनं वाटली, घरातल्या बाईच्या नावाने, नंबर घालून, ११० कुपनं. दहा किट मुद्दाम बाहेर ठेवले होते. ते कुणाला गेले तर गावाबाहेर झोपड्यांत राहणाऱ्या कुटुंबांना आणि एका एकट्या आजींना, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. २६ ला सकाळी वाटप सुरू झालं, गाडी रस्त्यावर न लावता शाळेच्या आत, आणि दोन तासांत संपलं, एकदाही आवाज चढला नाही. मी तिथे उभी राहून रडले, चिपळूणच्या त्या म्हातारीची आठवण येऊन.

सगळंच नीट झालं असं नाही. मुरघासाची, म्हणजे मुरवून साठवलेल्या हिरव्या वैरणीची, पाच टनाची गाडी २७ ला जायची होती आणि परत पाऊस कोसळला, ती बार्शीतच तीन दिवस थांबली, ३० ला पोचली. त्या तीन दिवसांत दोन जनावरं गेली असं वहिनींच्या भावाने सांगितलं. वैरण पहिल्या गाडीला हवी होती आणि बादल्या दुसऱ्या, हे मला बुधवारीच कळायला हवं होतं, ते तर पहिल्या वाक्यात सांगत होते.

हिशोब सांगते. किट १,७७,६००. ज्वारी ४०,८००, दळण ६,०००, तूरडाळ २५,२००. मुरघास ३५,०००, त्याचं भाडं ४,०००. मुंबईच्या पिकअपचे ७,७००, टोल वेगळा, हे एकाच बाजूचं भाडं कारण दादांना परतताना बार्शीतून डाळीचं भाडं मिळालं. टोल सोडून एकूण २,९६,३००, १२० घरं, म्हणजे घरामागे २,४६९. चिपळूणपेक्षा तीनशे रुपये कमी, आणि यात दहा किलो पीठ, डाळ आणि वैरण धरलीय. सगळ्या देणगीदारांना कुपनांच्या अर्धुकांच्या फोटोसकट हे पाठवलं, नावं झाकून.

येत्या फेब्रुवारीत परत मस्जिद बंदरला जायचंय, ताडपत्रीचे आगाऊ पैसे द्यायला, आणि या वेळी बार्शीच्या एका वैरणवाल्याशीही तसंच लिहून घ्यायचंय, त्यांच्याशी एकदा बोलणं झालंय. मामीने काल माळ्यावरच्या किटचा फोटो पाठवला, सगळी खाली काढून उन्हात ठेवलेली, अंगणभर बादल्या. खाली लिहिलंय, दोन ताडपत्र्यांचे कोपरे उंदरांनी कुरतडलेत, येताना दोन घेऊन ये.